आई-वडिलांच्या ठेवीवर भामट्यांचा हात पडू नये म्हणून

कोल्हापुरात सत्तरी गाठलेल्या माणसाचा पैसा सहसा एका जागी नसतो. पेन्शन राष्ट्रीयीकृत बँकेत, निवृत्त होताना मिळालेली ग्रॅच्युइटी आणि फंडाची रक्कम सहकारी बँकेत मुदत ठेव म्हणून, थोडं गल्लीतल्या पतसंस्थेत, दारावर येणाऱ्या एजंटकडं रोजची पिग्मी म्हणजे रोज थोडी थोडी टाकायची ठेव, आणि गावाकडं रान असेल तर उसाचं बिल जिल्हा बँकेच्या खात्यावर. हा पैसा सांभाळायची त्यांची एक रीत होती. पासबुक कपाटात, ठेवपावत्या पत्र्याच्या पेटीत, शाखेतला साहेब ओळखीचा. ती रीत चांगलीच होती. पण मधल्या काळात त्याच पैशापर्यंत जाणारा दुसरा रस्ता मोबाइलमधून निघाला, आणि त्या रस्त्यानं काय काय जाऊ शकतं हे बहुतेक घरांत कुणी आई-वडिलांजवळ बसून सांगितलेलं नाही.

मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये किंवा शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात म्हातारी दोघंच. रोज फोनवर बोलणं होतं, "सावध राहा, ओटीपी कुणाला देऊ नका" हेही सांगून होतं. माझं म्हणणं असं की एवढ्यानं भागत नाही. हे फोन भल्याभल्यांची मती गुंग करतात. निवृत्त मुख्याध्यापक, इंजिनिअर, डॉक्टर त्यात सापडतात. म्हणून सगळी भिस्त माणसाच्या सावधपणावर ठेवू नका. पैशाची मांडणीच अशी करा की आई किंवा वडील घाबरले, गोंधळले, तरी त्या दिवशी मोठी रक्कम हलू शकणार नाही. ती कशी करायची ते पुढं सांगतो. आधी हे फोन चालतात कसे ते बघू, कारण त्याशिवाय मांडणीचा अर्थ लागत नाही.

फोनवर नेमकं काय घडतं

ज्याला 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात त्या प्रकारात फोन येतो तो बहुधा कामाच्या दिवशी, मुलगा-सून कामावर गेल्यावर आणि बँकेची शाखा उघडी असताना. पलीकडचा माणूस म्हणतो, तुमच्या आधार कार्डावर मुंबईत एक सिम घेतलंय, त्यावरून घाणेरडे मेसेज गेलेत, तुमच्या नावावर गुन्हा दाखल आहे. कधी सिमच्या जागी कुरिअरचं पार्सल असतं आणि त्यात अमली पदार्थ सापडल्याचं सांगतात. वडील म्हणतात, मी तर मुंबईला गेलोच नाही. "मग तसा जबाब द्या, फोन पोलिसांकडं देतो." लगेच व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल. समोर खाकी वर्दी, मागं अशोकस्तंभ, टेबलावर फायली. स्क्रीनवर एक पत्र येतं, त्यावर ईडीचा नाहीतर सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का, खाली वडिलांचं पूर्ण नाव आणि आधार क्रमांक बरोबर छापलेला. नाव आणि क्रमांक बरोबर बघून माणसाचा विश्वास बसतो. खरं तर ही माहिती झेरॉक्सच्या दुकानापासून चोरीच्या याद्यांपर्यंत कुठूनही मिळते.

इथून पुढं तीन गोष्टी होतात. पहिली धमकी: आज संध्याकाळपर्यंत अटक. दुसरी बंदी: तपास गुप्त आहे, घरात कुणाला सांगितलंत तर त्यांनाही आत घ्यावं लागेल, कॅमेरा बंद करायचा नाही. आणि तिसरी म्हणजे माया. त्यांच्यातलाच एक 'वरिष्ठ अधिकारी' मवाळ आवाजात म्हणतो, काका, तुम्ही सज्जन माणूस दिसता, मी तुम्हाला यातून सोडवतो, फक्त तुमचे सगळे पैसे तपासणीसाठी सरकारी खात्यात टाका, तपासून परत येतील. तासन्तास घाबरवल्यावर आलेला तो गोड आवाज माणसाला देवासारखा वाटतो. मग वडील स्वतःच्या पायांनी शाखेत जातात, ठेव मोडतात आणि आरटीजीएसचा, म्हणजे मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात पाठवायचा, फॉर्म भरतात. काउंटरवर विचारलंच तर काय सांगायचं तेही पढवलेलं असतं: मुलाच्या फ्लॅटसाठी पाहिजेत.

आई-वडिलांना हे ठासून सांगा: भारताच्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. पोलीस, सीबीआय, ईडी, कस्टम, कोर्ट, यांतलं कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि पैसे 'तपासायला' मागत नाही. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये हाच इशारा दिला होता. पुढं 1 डिसेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं या प्रकारच्या गुन्ह्यांचा देशभरातला तपास सीबीआयकडं सोपवला. "पंतप्रधान आणि सुप्रीम कोर्ट दोघांनीही सांगितलंय" हे वाक्य आपल्या सल्ल्यापेक्षा त्यांच्या मनात जास्त टिकतं, हे लक्षात ठेवून ते वापरा.

यातली सगळ्यात मोठी खूण म्हणजे घरच्यांना सांगायची बंदी. खरी नोटीस आली तर माणूस ती घेऊन वकिलाकडं जातो, मुलाला दाखवतो, आणि त्याला कुणी अडवत नाही. म्हणून आमच्या घरात एकच नियम आहे: जो माणूस 'घरात सांगू नका' म्हणेल, त्याचा फोन ठेवायचा आणि पहिलं घरात सांगायचं. बाकीचे पंचवीस नियम विसरले तरी चालतील.

दुसरा प्रकार अगदी वेगळा, कारण त्यात कुणी काही विचारतच नाही. व्हॉट्सॲपवर फाइल येते. नाव असतं 'आरटीओ चलन', 'पीएम किसान यादी', 'वीजबिल' किंवा साधी 'लग्नपत्रिका'. पाठवणारा ओळखीचाही असू शकतो, कारण त्याचा फोन आधीच त्यांच्या ताब्यात गेलेला असतो. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी तीन इंग्रजी अक्षरं असतात. पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे ॲप. ती उघडली की ॲप फोनमध्ये बसतं, मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि 'हो' म्हटलं की त्या फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी आपोआप चोराकडं जातो. मालकानं तोंडातून अवाक्षर काढलेलं नसतं. म्हणूनच 'ओटीपी सांगू नका' ही सूचना आता अपुरी पडते. अशी फाइल चुकून उघडली गेली तर तो फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा, आणि मोबाइल जाणत्या माणसाकडून पूर्ण पुसून घ्या.

बाकीचे प्रकार थोडक्यात. यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. तेव्हा 'पैसे पाठवतोय, पिन टाका' म्हणणारा चोरच. 'केवायसी संपलंय', 'आज रात्री वीज तोडणार' हे मेसेज घाई करायला लावण्यासाठी असतात. मदतीच्या नावाखाली स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला लावतात; ते घेतलं की आपण जे बघतो ते सगळं तोही बघतो. फोनवर *21* किंवा *401* ने सुरू होणारा क्रमांक दाबायला सांगितला तर दाबू नका, त्यानं आपले कॉल दुसऱ्याकडं वळतात. पेन्शनरांना ऑक्टोबर-नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचे फोन येतात. तो दाखला बँकेत, पोस्टमनकडून घरपोच किंवा चेहरा दाखवून ॲपवर निघतो, फोनवर ओटीपी सांगून निघत नाही. आणि बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथं चोरांनी आपले नंबर 'कस्टमर केअर' म्हणून टाकून ठेवलेले असतात. कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा नंबरच खरा. बँकांच्या वेबसाइटचे पत्ते आता 'डॉट बँक डॉट इन' असे संपतात, तेही बघायची सवय लावा.

पैशाची मांडणी

जुन्या बायका बाजाराला जाताना कनवटीला खर्चापुरते पैसे लावायच्या, बाकीचे घरी कुलपात. मोबाइलला जोडलेलं खातं म्हणजे ती कनवट. त्यात महिन्याच्या औषधपाण्याला, बाजारहाटाला, वीजबिलाला लागतील एवढेच पैसे असावेत. म्हणून पहिलं काम म्हणजे दोन खाती वेगळी करणं. एक छोटं खातं, त्याच्यावरच यूपीआय आणि एटीएम कार्ड. दुसरं मोठं, ज्यात पेन्शन जमा होते आणि ज्याच्याशी ठेवी जोडलेल्या असतात. त्याला यूपीआय नाही, मोबाइल बँकिंग नाही, कार्ड नाही. मोठ्यातून छोट्यात महिन्याला ठरावीक रक्कम जावी म्हणून शाखेत एकदाच 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन' लिहून द्यायची.

आता ठेवींकडं या, कारण खरा पैसा तिथं असतो आणि गैरसमजही तिथंच जास्त. 'ठेव आहे म्हणजे सुरक्षित आहे' असं आपण धरून चालतो. पण ज्या खात्याला नेट बँकिंग किंवा मोबाइल बँकिंग आहे, त्या खात्याची ठेव बऱ्याच बँकांत घरबसल्या दोन मिनिटांत मोडता येते, किंवा तिच्यावर कर्ज उचलता येतं. ही सोय आपल्याला जशी तशी चोरालाही. शिवाय काही खात्यांना 'स्वीप' जोडलेला असतो. खात्यात ठरावीक रकमेपेक्षा जास्त पैसे झाले की त्यांची आपोआप ठेव होते, आणि खात्यातून मोठी रक्कम गेली की ती ठेव आपोआप मोडून पैसे पुरवले जातात. म्हणजे पासबुकात वीस हजार दिसत असले तरी मागची चार लाखांची ठेवही त्याच खात्यातून वाहून जाऊ शकते. शाखेत जाऊन दोन प्रश्न स्पष्ट विचारा: या खात्याला स्वीप आहे का? आणि ही ठेव मोबाइलवरून मोडता येते का? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर ती सोय अर्ज देऊन बंद करून घ्या. ठेवीची छापील पावती मागून घ्या.

त्याच्यापुढची पायरी सह्यांची. संयुक्त खातं 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला' या प्रकारानं चालवलं तर एकाच्या सहीवर पैसे निघतात. 'दोघांच्या सहीनं' असं केलं तर आई एकटी किंवा वडील एकटे, कितीही घाबरले तरी, मोठी रक्कम काढू शकत नाहीत. अशा खात्याला बहुतेक बँका एटीएम कार्ड आणि यूपीआय देतच नाहीत, तेही आपल्या पथ्यावर पडतं. यात अडचण एकच: एक जण दवाखान्यात पडला तर दुसऱ्याचे हात बांधले जातात. त्यामुळं दवाखान्याच्या खर्चापुरती एक ठेव 'कुणीही किंवा हयात' प्रकारात वेगळी ठेवा, बाकी दोन सह्यांवर. दुसरी सही मुलाची किंवा मुलीची ठेवायची की नवरा-बायकोचीच, हा निर्णय ज्यांचा पैसा आहे त्यांनी घ्यायचा.

नॉमिनीचं नाव लावायला या कामातच हात घाला. नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला आणि ठेवीला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं आणि प्रत्येकाचा वाटाही ठरवता येतो. त्यानं फसवणूक थांबत नाही, पण शाखेत एकदा गेलोच आहोत तर दुसरी फेरी वाचते. वडील सत्तरीच्या पुढं असतील आणि जिना चढवत नसेल, तर घरपोच सेवेची चौकशी करा. सत्तरीवरच्या ग्राहकांना ती द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्येच बँकांना सांगितलंय.

मोबाइलच्या बाबतीत मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे साधा बटणांचा फोन. मोठ्या खात्याला जो नंबर जोडलाय ते सिम त्या फोनमध्ये ठेवायचं. त्यावर व्हॉट्सॲप नाही, ॲप नाही, त्यामुळं लग्नपत्रिकेच्या नावाची फाइल त्यात शिरूच शकत नाही. मोठ्या खात्याचे मेसेज आणि ओटीपी तिथंच येतील. नातवंडांचे फोटो, भजनं, व्हिडिओ कॉल यासाठी स्मार्टफोन वेगळ्या नंबरवर, आणि छोटं यूपीआय खातं त्याच नंबरला. काही घरांत बँकेला मुलाचाच नंबर जोडून टाकतात. मला ते पटत नाही. मग पैसे गेले-आले तरी ज्यांचे पैसे त्यांनाच कळत नाही, आणि स्वतःच्या खात्याचा मेसेज मुलाला विचारावा लागणं हे कुठल्याही बापाला लागतं.

कार्ड ठेवायचंच असेल तर त्यावरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद करा, एटीएममधून काढायची रोजची मर्यादा कमी करा. हे बंद-चालू करायची सोय बँकेनं दिलीच पाहिजे. स्मार्टफोनमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल' करायची परवानगी बंद, व्हॉट्सॲपमध्ये अनोळखी नंबरचे कॉल गप्प करायची सेटिंग चालू, आणि ग्रुपमध्ये कुणीही घालू नये म्हणून 'फक्त ओळखीचे'. रविवारी सकाळी चहा होईपर्यंत हे सगळं होतं.

अंगठ्याचं वेगळं. आधारला जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे निघतात, ओटीपी लागत नाही. गावाकडं ही सोय फार मोलाची आहे. भुदरगड-आजऱ्याच्या वाडीवरच्या म्हातारीला त्यामुळं तालुक्याला जावं लागत नाही. पण 'आज्जी, अंगठा नीट उठला नाही, परत ठेवा' म्हणून दोनदा पैसे काढणारेही असतात. ज्यांना ही सोय लागत नाही त्यांनी आधारच्या ॲपवरून बायोमेट्रिक लॉक करावं, पाहिजे तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं. ज्यांना लागते त्यांनी दर अंगठ्याला पावती घ्यावी आणि महिन्यातून एकदा पासबुक भरून आणावं.

ओळखीचा माणूस

सगळे चोर परराज्यातल्या कॉल सेंटरमध्ये बसलेले नसतात, आणि हे बोलायला घरात जड जातं. कोऱ्या चेकवर घेऊन ठेवलेली सही, एटीएमचा पिन माहीत असलेला भाचा, 'मी भरून आणतो' म्हणत पासबुक वर्षभर स्वतःकडं ठेवणारा शेजारी. इथं उपाय साधे आहेत: कोरा चेक कधीच नाही, पिन बदलायचा, पासबुक दर महिन्याला घरात.

पिग्मीचा एजंट वीस वर्षं ओळखीचा असतो, आईच्या हातचा चहा घेऊन जातो. बहुतेक एजंट सरळच असतात. तरी रोजची रक्कम त्याच्या मशीनवर नोंदून पावती किंवा मेसेज लगेच मिळाला पाहिजे, 'उद्या एकदम चढवतो' चालणार नाही. त्याला वाईट वाटायचं कारण नाही, सरळ एजंटला पावती द्यायला काहीच जड नसतं.

पतसंस्थेबद्दल एक गोष्ट आपल्या भागात फार लोकांना ठाऊक नसते. बँक बुडाली, मग ती सहकारी असली तरी, प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंत विमा संरक्षण असतं. फेब्रुवारी 2020 मध्ये ही मर्यादा एक लाखावरून पाचवर नेली. पतसंस्थेला हे संरक्षण लागू नाही. पतसंस्थेत ठेवूच नका असं मी म्हणत नाही, गरजेला तीच उभी राहते हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण आयुष्यभराची पुंजी एकाच संस्थेत, अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी, असं असेल तर ती वाटून ठेवायला सांगा. एका बँकेत 5 लाखांच्या आत, अशी विभागणी सोपी आहे.

आणि दामदुप्पट. महिन्याला पाच टक्के, दहा टक्के परतावा, सुरुवातीचे काही महिने पैसे वेळेवर येतात, मग पाहुण्यारावळ्यांत गवगवा, मग एक दिवस ऑफिसला टाळं. आपल्या जिल्ह्यानं हे पुन्हा पुन्हा सोसलंय. आता तेच व्हॉट्सॲपवरच्या शेअर बाजाराच्या ग्रुपमध्ये चालतं: ॲपवर नफा वाढताना दिसतो, काढायला गेलं की आधी 'टॅक्स' भरा म्हणतात. ठेवी घेणारा नोंदणीकृत आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर बघता येतं.

बोलायचं कसं

हे सगळं करायचं तर आई-वडिलांची मर्जी लागते, आणि अडतं ते इथंच. माझे वडील साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात होते. खात्यांचा विषय काढला तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला.

"मला काय कळत न्हाई व्हय? सगळ्या कारखान्याचा हिशेब बघितलाय मी."

"म्हणूनच तुम्हाला विचारतोय, आबा. कारखान्याच्या चेकवर दोन सह्या का लागायच्या?"

"एकट्यावर भार नको म्हणून. माणूस किती बी चांगला असू दे, एकट्याच्या सहीवर पैसा सोडायचा न्हाई."

"मग आपल्या ठेवीवर पण तसंच करूया की."

ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तुझ्या आईची सही असू दे." त्यावर मी दुसरं काही सुचवलं नाही. शाखेतला अर्ज त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला.

ज्यांनी आयुष्यभर पैसा सांभाळला त्यांच्या हातातून तो काढून घ्यायचा, पासबुकं आपल्या कपाटात आणायची, फोन बंद करायचा, हे प्रेमापोटी केलं तरी उलटतं. अपमान झालेला माणूस पुढच्या वेळी काही घडलं तर सांगत नाही, आणि फसवणुकीत न सांगणं फार महागात पडतं. आपण आधीच शब्द द्यायचा: काही झालं तर रागावणार नाही, 'तुम्हाला सांगितलं होतं ना' म्हणणार नाही. आणि तो पाळायचा.

घरातला एक परवलीचा शब्द ठरवा. आता मुलाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून 'आई, मला पोलिसांनी धरलंय, पैसे पाठव' असे फोन येतात. कुलदैवताचं नाव नको, ते कुणालाही माहीत असतं; लहानपणीच्या म्हशीचं नाव, गोठ्यातल्या कुत्र्याचं नाव, असं घरातलंच काहीतरी. फोनवर तो शब्द आला नाही तर फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावायचा.

शाखेतल्या माणसांशीही बोलून ठेवा. वडिलांच्या सहीचं पत्र द्या: मी अचानक मोठी ठेव मोडायला आलो तर माझ्या मुलीला किंवा मुलाला या नंबरवर फोन करावा. असं करायचं बँकेवर बंधन नाही, पण पेठेतल्या शाखेत माणसं तोंडओळखीची असतात आणि काउंटरवरचा एक प्रश्न पुष्कळदा सगळं थांबवतो. मोठी रक्कम काढायला आलेल्या ज्येष्ठाचा फोन सारखा चालू आहे, तो फोन ठेवायला घाबरतो, ही खूण जाणता कॅशिअर ओळखतो.

पैसे गेलेच तर

पहिला फोन 1930. हा केंद्र सरकारचा सायबर आर्थिक फसवणुकीचा मदत क्रमांक आहे. दुसरा लगेच बँकेला. तक्रार 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' या पोर्टलवरही करता येते, आणि नंतर जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या ठाण्यात. हातात ठेवायची माहिती एवढीच: खाते क्रमांक, किती वाजता किती रक्कम गेली, आणि मेसेजमधला व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. मेसेज, कॉलचा नंबर, चॅट, काहीही पुसू नका.

घाई कशाला ते समजून घ्या. चोरलेला पैसा भाड्यानं घेतलेल्या खात्यांत जातो, एकातून चार, चारातून बारा, आणि शेवटी एटीएममधून रोख निघतो किंवा क्रिप्टोत जातो. 1930 वर तक्रार नोंदली की ती पैसे ज्या बँकेत गेले तिच्याकडं पोचते आणि तिथं शिल्लक असलेली रक्कम गोठवली जाते; पुढं सरकली असेल तर पुढच्या बँकेला निरोप जातो. पहिल्या तासात फोन केला तर पैसे अजून वाटेत सापडायची आशा असते. रात्रभर लाजेनं गप्प राहिलं तर सकाळी गोठवायला काही उरत नाही.

नुकसान कुणी सोसायचं याबद्दल रिझर्व्ह बँकेचे नियम 2017 मध्ये आले. बँकेचीच चूक असेल तर ग्राहकाला काहीच सोसावं लागत नाही. चूक ग्राहकाची नाही, बँकेचीही नाही, तिसरीकडंच काहीतरी घडलं, आणि आपण बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरी ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त 10,000 रुपयांचा भार. सातच्या पुढं प्रत्येक बँकेचं आपलं धोरण. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यावर दाखवायची आणि 90 दिवसांत निकाल द्यायचा, असं बँकेवर बंधन आहे. ग्राहकाचा दोष होता हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेची.

पण आपण स्वतः पिन किंवा ओटीपी सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. डिजिटल अरेस्टमध्ये तर फॉर्मवर सही करून पैसे आपणच पाठवलेले असतात, त्यामुळं या नियमाचा आधार तिथं मिळत नाही. दोन सह्यांची मांडणी आधीच करून ठेवा असा माझा आग्रह याचसाठी आहे. बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते. त्याची माहिती 14448 वर मिळते. एकटे राहणाऱ्या, घरातल्यांकडूनच त्रास होणाऱ्या ज्येष्ठांसाठी 14567 ही वेगळी हेल्पलाइन आहे.

आणखी एक फोन यायचा असतो, त्यासाठी तयार राहा. पैसे गेलेल्यांच्या याद्या चोर एकमेकांना विकतात. काही आठवड्यांनी कुणीतरी 'सायबर सेलमधून' किंवा 'वकील' म्हणून बोलतो, तुमची रक्कम सापडली आहे, सोडवायला एवढी फी भरा म्हणतो. हात पोळलेला माणूस गेलेलं परत मिळेल या आशेनं तेही भरतो. 1930 वर तक्रार करायला, तिची चौकशी करायला, गोठवलेली रक्कम परत मिळवण्याचा अर्ज पोलिसांकडं द्यायला कुठंही फी नाही. फी मागणारा फोन आला तर तो नंबर 'संचार साथी'वरच्या 'चक्षू' सोयीत नोंदवा, आणि तक्रार क्रमांक घेऊन स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन विचारा.